चतुराबाईंनी फोडलेल्या अकरा बांगड्या

आमच्या शहरात मस्तगडला चतुराबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन फळ्या, एक सतरंजी आणि एक आरसा. चाळीस वर्षांत आपल्या हातून गिऱ्हाइकाची एकही बांगडी पिचली नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगतात. हात धरला की अर्ध्या मिनिटात माणूस ओळखतात. माझा धरला की म्हणतात, "ताई, पुन्हा काळजी करून राह्यल्या काय? हात बर्फावानी गार."

करते काळजी. माझी अर्पिता अकरावीला आहे. क्लासहून यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला की मी गेटात उभी. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून पोरींना नेतात, अशा बातम्या वाचून वाचून मी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर ओळखीच्या घरोघरी लिहून दिलाय. चतुराबाईंच्या तर आरशावरच चिकटवून आले. त्या महिनाभर कुरकुरत होत्या, "गिऱ्हाइकाला तोंड दिसंना, नुसता नंबर दिसून राह्यलाय."

त्या सोमवारी मी तिथेच बसले होते. एक माणूस एका मुलीला घेऊन आला.

"मावशी, हिरवा चुडा भरा हिला. लग्न हाय. जल्दी करा, गाडी उभी हाय."

"राहू दे उभी, तिचे काय पाय दुखून राह्यले?" म्हणत चतुराबाईंनी मुलीचा हात धरला, आणि बांगड्यांकडे न वळता त्या माणसाकडे पाहिलं.

"तू कोन हिचा?"

"मामा."

"मंग मामी कुठंय? आई, मावशी, आत्या?"

"गावाकडं हायेत."

"चुडा भरायला एक बी बाई न्हाई? लग्नघर हाय का तालीम?"

आमच्याकडे नवरीचा चुडा म्हणजे बरोबर दहा बायका आणि त्यांची अकरा मतं. नवरी एकटी येतच नाही.

"कोन्या गावाला देऊन राह्यलेत, बाई?" चतुराबाईंनी विचारलं. मुलीने माणसाकडे पाहिलं. उत्तर त्यानेच दिलं, "लांब हाय." वयही त्यानेच सांगितलं, एकोणीस. चेहरा माझ्या अर्पितापेक्षा कोवळा होता आणि सगळ्यात लहान मापाची बांगडीही मनगटावर सैल पडत होती.

"ताई," चतुराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो आरसा जरा पुसता का?"

आरसा लख्ख होता. त्यांना माझी चिठ्ठी दाखवायची होती, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळच लागला. मी खोक्यांच्या मागे जाऊन फोन लावला. आधी माझं नाव सांगितलं, मग अर्पिताचं, मग अर्पिताच्या बाबांचं, आणि शेवटी एकदाचं या मुलीबद्दल. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "ताई, ती मुलगी आत्ता काय करतेय?"

"बांगड्या भरतेय."

"भरू द्या. तुम्ही त्या माणसाशी भांडू नका. गाडीचा नंबर दिसला तर सांगा. मी पोलिसांना कळवते."

नंबर मी काजळाच्या कांडीने तळहातावर लिहून घेतला आणि सांगितला.

इकडे चतुराबाईंच्या हातून पहिली बांगडी पिचली. "अगं बाई!" मग दुसरी. तिसरी. सगळ्या स्वतःच्या मुठीत, मुलीला ओरखडासुद्धा नाही. "बराबर दिसंना बाबा आता." प्रत्येक वेळी नवा डझन उघडायचा, रंग जुळवायचा. माणूस मुलीला उठवायला लागला, तर म्हणाल्या, "अर्ध्या चुड्यावर नवरी उठत नसती. नवरदेवाला बाधतं." हा नियम त्यांनी तिथेच काढला. नवरदेवाकडून किती पैसे ठरले होते कोण जाणे, तो मुकाट्याने बसला. मुलीचा हात काही त्यांनी सोडला नाही.

अकरावी बांगडी पिचली तेव्हा पोलिसांची गाडी आली. एका पोलिसाने माणसाला बाजूला नेलं, महिला पोलीस मुलीशेजारी सतरंजीवर बसली. मग ती मुलगी पहिल्यांदा बोलली. आईचा फोन नंबर, दहाच्या दहा आकडे, पाठ. आई समजत होती, लेक कंपनीत पाकिटं भरायच्या कामाला लागली. वय पंधरा. तिचं नाव मी कुठेच लिहिणार नाही.

"मावशी, ह्या काढा ना," ती म्हणाली.

चतुराबाईंनी साबणाचं पाणी लावून तिच्या हातातल्या नऊच्या नऊ बांगड्या उतरवल्या. एकही पिचली नाही.

मग त्या लिहीत बसलेल्या पोलिसाकडे वळल्या. "सायेब, काय लिहिलं?"

"अकरा बांगड्या फुटल्या."

"मुद्दाम फोडल्या, असं लिहा. न्हाईतर उद्या माझ्याकडं कोन हात देईल?"

त्याने खोडून पुन्हा लिहिलं. चतुराबाईंनी ते मला वाचायला लावलं, दोनदा.