बाबाच्या भाकरीची गाठ

आज माझ्याच पदराला मारलेली गाठ हाताला लागली. कशासाठी मारली होती, काही केल्या आठवेना.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी बाबा पुसदला कापसाची बैलबंडी घेऊन खरेदी केंद्रावर तीन दिवस रांगेत होते. मी सासरी निघाले तेव्हा मायनं आपला पदर चाचपला.

“हे गाठ म्या कायले मारली वं?”

“मले काय मालूम? तुले आता काहीच ध्यानात राहत नाही!” चिडून मीच गाठ सोडली.

पुसदला बस थांबली तर बाबा खिडकीशी हात पुढे करून उभे. तेव्हा आठवलं. “बाबाची भाकर नेईन, निघताना याद करून देजो,” असं आदल्या दिवशी बाबांचा निरोप आला तेव्हा मीच मायला सांगितलं होतं.

माझे रिकामे हात पाहून बाबांनी एवढंच विचारलं, “मायले बोलली तं नाही ना?”

मी नाही म्हटलं.

आजची गाठ माझ्याच्यानं सोडवत नाही.