दीर नावाची खुर्ची

फणीचं काम झालं की ताई ती कमरेला खोचतात, तलवारीसारखी. फोन उचलला की आधी विचारतात, "मित्र की शत्रू?" नवऱ्याशी झालेला तह आरशावर साबणाने लिहून ठेवतात. ब्रिटनच्या राणी बौडिकाने रोमनांची कशी दाणादाण उडवली ते नेमकं कात्री कानाजवळ असताना सांगतात. गिऱ्हाईक वाद घालत नाही.

बाजारात त्यांना फणीताईच म्हणतात. जिन्याखालच्या खोलीत त्या बायकांचे केस कापतात. लढवय्या राण्यांची पुस्तकं मी आणून द्यायचे. त्या पानांवरचे केस झटकून वाचायच्या. वाचून सोडून देतील असं मला वाटायचं.

मग दुकानदारांच्या समितीने निरोप धाडला. खोली रिकामी करा, अध्यक्षांच्या भाच्याला मोबाईलचं दुकान टाकायचंय. काही म्हणायचं असेल तर बैठकीला या.

"तिथे आपल्याला बसायला देत नाहीत गं," ताई म्हणाल्या. "उभं माणूस विनवण्या करतं. बसलेलं बोलणी करतं."

आणि त्यांनी अंगोलाच्या राणी न्झिंगाची गोष्ट सांगितली. पोर्तुगीज गव्हर्नरने म्हणे तिला खुर्चीच दिली नाही. तिने सेवकाला ओणवं केलं आणि त्याच्या पाठीवर बसून बरोबरीने बोलली.

तेवढ्यात त्यांचा धाकटा दीर नळ दुरुस्त करायला आला. तो प्लंबर.

"भावोजी, ओणवं व्हायची सवय आहे ना तुम्हाला?"

"उभा जन्म सिंकखाली गेला, वहिनी. का हो?"

बैठकीत समितीचे पाच जण ऐसपैस बसले होते. ताईंनी चुटकी वाजवली. भावोजी हातांगुडघ्यांवर आले. ताई बसल्या.

अध्यक्षांचा चहा बशीत सांडला. "हे काय चाललंय?"

"बोलणी. करा सुरू."

भावोजींना भयंकर गुदगुल्या होतात, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तळघरात जागा देतो," अध्यक्ष म्हणाले. ताई जरा सावरून बसल्या. खालून फिस्सकन हसू आलं.

अध्यक्ष चपापले. "बरं, अर्धी खोली ठेवा."

ताई पुढे झुकल्या. भावोजी खिंकाळले.

"टर उडवता काय आमची? सगळी ठेवा! पण त्याला गप्प करा!"

समितीच्या कागदावर सही झाली. ताई उठल्या आणि मान ताठ ठेवून चालत्या झाल्या. मी मागे धावले.

"ताई, भावोजी?"

"राणी आसन बरोबर नेत नाही. न्झिंगानेही तिथेच सोडलं, म्हणतात."

"अहो, त्यांची कंबर धरलीये! उठताच येत नाहीये!"

"अगं बाई!" ताई राणीपदावरून खाली आल्या. पण दुकानासमोर तीन बायका ताटकळत होत्या. "एवढी हिची बट उडवते आणि जातेच."

संध्याकाळी मी समितीच्या खोलीत डोकावले. भावोजी तसेच होते. त्यांच्या पाठीवर कुणीतरी चहाचा ट्रे ठेवला होता. मी दुकानाकडे पळाले. ताई चौथ्या बाईचे केस ओले करत होत्या.

"आलेच," त्या म्हणाल्या.