आजारी आणि परीक्षा यांच्या मधली ओळ

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पाळकसाहेब विनंत्यांचा कागद वाचत, आणि तो कागद शनिवारी संध्याकाळी मी लिहायची. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आधी आजारी, मग परीक्षेला बसलेले, मग लग्न ठरायचं राहिलेले, शेवटी प्रवासातले. एकदा लिहिलेली विनंती आपण होऊन काढायची नाही, हा नियम. देवाने ऐकली की ती कागदावरून उतरे आणि पुढच्या रविवारी ते माणूस उभं राहून साक्ष देई. नाहीतर माणूसच जाई, तेव्हा उतरे. तिसरी वाट नव्हती.

माझ्या बाबांची ओळ आजारी आणि परीक्षा यांच्या मधे होती. त्यांच्या नावापुढे, गिरणी उघडावी आणि कामगारांना काम मिळावं, एवढीच. संपाच्या दुसऱ्या महिन्यात मी ती पहिल्यांदा लिहिली, आणि सहावं वर्ष लागलं तरी ती तिथेच होती. बाबा गिरणीत चार साचे, म्हणजे माग, चालवायचे. आता ते रे रोडला लाकडाच्या वखारीत जात, पण कुणी विचारलं तर ‘सध्या तात्पुरतं’ म्हणत. गिरणीचा पास त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपला होता. इतरांच्या विनंत्यांना ते नुसते डोळे मिटत. आपली ओळ आली की मान इतकी खाली घालत की हनुवटी छातीला टेके.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत शेजारच्या काकी कोकणातल्या, त्यांचे यजमानही त्याच गिरणीतले. त्या आईला म्हणायच्या, “आमच्या देवाक मी नवस बोललंय, तुमच्या देवाक तुमी अर्ज दिल्यात. बघूया कोण आधी सही करता.” आई हसायची. बाबांना मात्र खात्री होती की सही झालेली आहे, कागद फक्त वाटेत आहे.

देव उशीर करतो तो आपली तहान वाढावी म्हणून, असं पाळकसाहेब प्रवचनात सांगत. वाट पाहण्याने माणूस आतून मोठा होतो म्हणे. मला त्या वाक्याचा राग यायचा, अजूनही येतो. त्या सहा वर्षांत माझे बाबा शर्टाच्या कॉलरमध्येसुद्धा लहान होत गेलेले मी पाहिले होते.

मग मला बघायला नगरकडची मंडळी येणार असं ठरलं. रविवारी आमच्याच चर्चमध्ये उपासनेला बसायचं आणि नंतर घरी चहाला यायचं. मुलगा बँकेत होता. मी त्याचा फोटो तीनदा पाहिला होता, चौथ्यांदा आईने हातातून काढून घेतला. मला ते लग्न हवं होतं. त्या खोलीतून, त्या वाट पाहण्यातून बाहेर पडायचं होतं, हे आता सांगायला लाज कसली? शनिवारी कागद लिहिताना आजाऱ्यांची नावं संपली आणि माझा हात थांबला. पाहुण्यांसमोर आमचं दारिद्र्य भर चर्चमध्ये वाचलं जाणार होतं. मी थेट परीक्षेवर गेले. एका रविवाराने देवाचं काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी समोर होतं ते वाचलं. मी डोळे किलकिले करून पाहिलं. आजारी संपले तशी बाबांची मान खाली गेली. परीक्षा सुरू झाल्या, तेव्हा ती हळूहळू वर आली. ते पाळकसाहेबांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, पाहुण्यांमुळे असेल. घरी चहा झाला, बोलणी बरी झाली. रात्री बाबांनी शर्टाला इस्त्री केली, तेही मला पाहुण्यांच्या आनंदातच धरावंसं वाटलं.

सोमवारी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. आई म्हणाली, पहिल्या पाळीला गेले. डबा घेऊन गेले, पास घेऊन गेले. ओळ उतरली म्हणजे पाळकसाहेबांना काहीतरी कळलंय, पुढच्या रविवारी ते आपल्यालाच साक्षीला उभं करतील, असं रात्री तिला सांगत होते. पाळकसाहेबांना विचारून तरी घ्या, असं ती म्हणाली होती. विचारणं म्हणजे अविश्वास, असं त्यांचं उत्तर.

मी धावत गेले नाही. दुपारपर्यंत घरात बसून राहिले, मग गेले. बंद गेटापाशी बाबा दगडावर बसले होते, शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. पहारेकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, साचे भंगारात गेले, मी सकाळीच सांगितलं त्यांना, पण ते उठत नाहीत.

मी म्हणाले, “बाबा, ती ओळ मीच गाळली.”

“पाळकसाहेबांनी नाही?”

“नाही.”

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. “खाऊन घे,” म्हणाले. “आणि आता परत लिहू नको.”

नगरचा नकार आठवड्याने आला. मुलीची उंची कमी पडते म्हणे.

बाबांचं मी ऐकलं नाही. पुढच्याच शनिवारी ती ओळ जागच्या जागी लिहिली, आणि पुढची अकरा वर्षं लिहीत राहिले. बाबा एकही रविवार चुकले नाहीत. पण ती ओळ वाचली जायची तेव्हा ते डोळे उघडे ठेवून वरच्या पंख्याकडे बघत बसायचे. आता मागणारी मी एकटीच होते, आणि मला गिरणी नको होती. त्यांची मान एकदा पुन्हा खाली जावी, एवढंच हवं होतं. ती गेली नाही.

बाबांना पुरलं त्या आठवड्यातही कागद मीच लिहिला. आजारी संपले आणि हाताने सवयीने ती ओळ लिहून टाकली. मग मी पट्टी लावून ती खोडली. या वेळी ती नियमाप्रमाणे गेली.