दोनशे चारमधली खिचडी

कॅप्टननं किटली दोन बोटांत धरली होती. हात अंगापासून लांब. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी.

अमरावतीचं हॉटेल. सकाळचे आठ. आम्ही चौघं लॉबीत उभे. कॅप्टन, त्याचा को-पायलट मी, आणि केबिन क्रूच्या दोन मुली. विमानतळावर नेणारी गाडी दारात लागलेली. सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे. चहाच्या पाण्यासाठी खोल्याखोल्यांत ठेवतात तसली ती विजेची किटली हॉटेलच्या मॅनेजरनं काउंटरवर आणून ठेवली होती. तिचं बूड आतून काळंठिक्कर, आणि कडेनं पिवळा थर.

कॅप्टननं ती नाकाजवळ नेली. "खिचडी," तो म्हणाला. "मुगाची. हळदसुद्धा घातलीय."

दोघींपैकी एक हसली. दुसरी मोबाइलमध्ये बघायला लागली.

"दोनशे चारची हाय सर," मॅनेजर म्हणाला.

दोनशे चार माझी खोली होती. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. तरी मी गप्प. जीभ टाळूला चिकटली होती म्हणा, किंवा मीच ती उचलली नाही म्हणा.

कॅप्टन माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही त्यानं. त्याचा आवाज कधीच चढत नाही. वडीलही कॅप्टन होते त्याचे. "कोट्यातून कॉकपिटपर्यंत पोचलास," तो म्हणाला. "चूल तरी घरी ठेवून यायची."

मग मॅनेजरला म्हणाला, "पायलट किटलीत खिचडी शिजवतो असं लिहिणार का तुम्ही? कंपनीचं नाव जाईल. सफाईच्या बाईनं जाळली असं लिहा."

बाई तिथंच होत्या. वच्छलाबाई. चादरींची गाडी ढकलत लिफ्टपाशी थांबलेल्या. मॅनेजरनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "म्या नाई जाळली." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं. बूट चकचकीत होते. रोज मीच करतो. मॅनेजरनं नुकसानीचं रजिस्टर ओढलं आणि लिहून टाकलं. मी माझी बॅग उचलली. कॅप्टनचीही उचलली. त्यानं सांगितलंही नव्हतं.

गाडीत तो म्हणाला, "तुझी फाइल माझ्याकडे आहे. मी हे विसरलो. तूही विसर."

मी म्हणालो, "थँक यू सर."

हे थँक यू मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

खिचडी काहून, हे सांगायला हवं. पायलट म्हटलं की लोकांना वाटतं, नोटांच्या राशीवर बसून उडतो. माझं विमान चालवायचं शिक्षण सरकारच्या शिष्यवृत्तीवर झालं, आणि ते मी कधी लपवलं नाही. पण लायसन हाती आलं म्हणजे नोकरी आली असं होत नाही. कंपनी जे विमान चालवते त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते स्वतःच्या खर्चानं. आबा एसटीत मेकॅनिक होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी त्यात ओतले, वरून बँकेचं कर्ज काढलं माझ्या नावावर. नोकरी लागली तीही शिकाऊ म्हणून. शिकाऊ असेपर्यंत पगार निम्मा. त्यातला मोठा घास बँकेचा. उरलेल्यात हैदराबादेतली खोली, तिघांत एक. गणवेश धुलाईचा आणि इस्त्रीचा खर्च आपला, कारण शर्टाला सुरकुती दिसली तर तोही शेरा फाइलमध्ये जातो.

मुक्कामाच्या गावी हॉटेल कंपनीचं, सकाळचा नाश्ता फुकट. रात्रीचं जेवण मात्र आपलं आपण. त्यासाठी भत्ता मिळतो. तो भत्ता पोटात घातला तर महिनाअखेर खोलीचं भाडं देता येत नाही. म्हणून तो वाचवायचा. एका सीनियरनं मला युक्ती शिकवली होती. किटलीचं झाकण लावलं तर पाणी उकळताच ती आपोआप बंद होते. झाकण उघडं ठेवलं की चालू राहते, डाळ शिजेपर्यंत. त्यानं स्वतः दोन वर्षं अशीच काढली होती. आता तो दुसऱ्या कंपनीत आहे आणि लोकांना हॉटेलात जेवू घालतो.

डाळ-तांदूळ अकोल्याहून यायचे. माय हळद, तिखट, मीठ घालून पुड्या बांधून द्यायची. एक पुडी म्हणजे एक जेवण. तिनं विचारलं होतं, "कंपनी येवढं मोठं हॉटेल देते, मंग खिचडी काहून शिजवतं रे?"

"तिथलं तेलकट असते माय," मी म्हटलं. तिला पटलं.

आमच्या वस्तीत माझा फोटो लागला होता. चौकात, पाच फूट उंच. वस्तीतला पहिला पायलट. गेल्या हिवाळ्यात मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. मावशी भर बैठकीत म्हणाली, "मांडवाचं आमच्या पायलटवर." सगळे माझ्याकडे बघून हसले, मायेनंच. मी हो म्हणालो. त्या महिन्यात मी एकही संध्याकाळ बाहेर जेवलो नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आबा म्हणतात. मी ते आठ महिने आणत होतो.

वच्छलाबाईंना माझं सोंग पहिल्याच मुक्कामाला कळलं. खोली झाडायला आल्या आणि दारातच थबकल्या. वास लपत नाही. मी किटलीसमोर उभा राहिलो, जणू ती दिसणारच नाही.

"साहेब, कोठचे तुमी?"

"अकोल्याचा."

"अकोल्यात कोठी?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. आमच्याकडे या दोन प्रश्नांत माणसाचं सगळं कळतं. बहुतेक वेळा दुसऱ्या उत्तरानंतर समोरचा थोडा मागं सरकतो. या पुढं आल्या. "म्हंजे आपलेच," म्हणाल्या. त्यांचं घर बडनेऱ्याला, घरात एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. पुढच्या वेळी त्यांनी घरून स्टीलची थाळी आणली. मी तोवर चहाच्या चमच्यानं किटलीतूनच खायचो. "जेवल्यावानी जेवा बाबू," म्हणाल्या. माझी किटलीही त्याच घासायच्या, चिंच लावून. कुणाला पत्ता लागू दिला नाही. कधी पैसे घेतले नाहीत.

किटली जळली त्या रात्री मी चार फेऱ्या करून आलो होतो. झाकण उघडं ठेवून पलंगावर टेकलो आणि डोळा लागला. उठलो तो जळक्या वासानं. अंगाच्या साबणानं घासली, निघालं नाही. मग किटली टेबलावर ठेवून दिली आणि झोपलो. खरं सांगतो, मनात असं आलं की सकाळी वच्छलाबाई बघतील. एवढाच विचार केला मी त्यांचा. सकाळी त्यांच्याआधी मॅनेजरच खोल्या तपासत आला.

त्यानंतर पंधरवडाभर मला काही वाटलं नाही. लाज वाटली पहिल्या दिवशी, मग तीही गेली. राग तर आलाच नाही. विमान चालवायचो. उंची सांगायचो, वेग सांगायचो, तपासणीची यादी वाचायचो. खाली काळी जमीन सरकायची, दर्यापूरकडची, मी ती वर्षानुवर्षं बसच्या खिडकीतून पाहिलेली. काहीच वाटायचं नाही. कंपनीत माझं नाव 'खिचडी' पडलं होतं. कॅप्टननं विसरतो म्हटलं होतं, तरी कसं काय पडलं कोण जाणे. कुणी हाक मारली की मी ओ द्यायचो. एकदा तर फोनवर मीच म्हणालो, हां, खिचडी बोलतोय. समोरचा हसला, मीही हसलो.

अमरावतीचा मुक्काम पुन्हा लागला. आम्ही दुपारीच उतरलो. मजल्यावर दुसरीच बाई होती. तिला विचारलं तर म्हणाली, वच्छलाबाई खाली. तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत.

मी खाली गेलो. वाफ, पाणी, मशीनचा आवाज. त्या ओल्या चादरी पिळून टाकत होत्या. मी खिशातून पैसे काढले. त्यांनी हात पुसलेसुद्धा नाहीत.

"ठेवा थे. पैसे त माह्या पगारातून मांगंच कापले."

"मावशी, तुमी माहं नाव काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं तुमी सांगान."

मशीन थांबलं. त्यांनी दुसऱ्या चादरी आत टाकल्या. मग म्हणाल्या, "बारा वर्स झाले बाबू. एक टावेल कमी नाई निघाला माह्या मजल्यावर. आता रजिस्टरात लिवलं हाय, बाईनं किटली जाळली आन् खोटं बोल्ली." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीले म्या सांगतलं होतं, आपला एक पोरगा इमान चालवते, माह्याच मजल्यावर उतरते. आता थे इचारते, मंग थ्यानं कावून नाई सांगतलं? काय सांगू तिले?"

 मी वर आलो. पुडी काढली नाही. पलंगावर बसून राहिलो. दोन आठवडे ज्याला मी 'काही वाटत नाही' म्हणत होतो ते काय होतं, ते तिथं कळलं. ती भीती होती. दुसऱ्या दिवशीच्या फेरीनंतर कॅप्टन माझ्या फाइलवर सही करणार होता. सही झाली की शिकाऊ हा शब्द जाणार होता, पगार पूर्ण होणार होता. त्या एका सहीसाठी मी एका बाईला खोटारडी ठरवू दिलं होतं. आपल्याच बाईला, असं म्हणणार होतो. पण परकी असती तरी ते तेवढंच घाण होतं.

सकाळी लॉबीत तोच कॅप्टन, त्याच मुली. मी मॅनेजरकडे रजिस्टर मागितलं.

"काय लिवता सर?"

"मागचं दुरुस्त करायचं आहे."

उभ्याउभ्या लिहिलं. मराठीत. दोनशे चारमधली किटली माझ्या हातून जळली. मी तीत खिचडी शिजवत होतो, कारण माझ्या पगारात रोजचं विकतचं जेवण बसत नाही. वच्छलाबाई खोटं बोलल्या नाहीत. खोटं मी वागलो, गप्प राहून. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

कॅप्टननं खांद्यावरून वाचलं. "ते पगाराचं वाक्य खोड."

"नाही सर."

"आज सही करणार होतो मी. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे सर."

मग मी मॅनेजरला म्हटलं, वच्छलाबाईंना वर बोलवा. तो म्हणाला, कामात हायत. मी म्हटलं, थांबतो. गाडीवाला दोनदा आत येऊन गेला. शेवटी मॅनेजरनं फोन केला. त्या आल्या, कोपरापर्यंत भिजलेल्या. मी रजिस्टर हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. कॉकपिटमध्ये यादी वाचतो त्या आवाजात. आवाज कापला नाही. 

त्यांनी ऐकून घेतलं. "पंधरा दिवस लागले तुमाले," म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या.

त्या दिवशीचं माझं उड्डाण चोख झालं. त्यात कॅप्टनला काही सापडलं नाही. मग त्यानं वागणुकीच्या रकान्यात लिहिलं : उद्धट, आणखी निरीक्षण आवश्यक. निरीक्षण म्हणजे अजून तीन महिने शिकाऊ. वच्छलाबाईंचे कापलेले पैसे हॉटेलनं मला भरायला लावले आणि त्यांना परत दिले. मजला दिला नाही. त्या अजून तळघरातच आहेत.

सुट्टीत अकोल्याला गेलो. जेवताना आबांना आणि मायला सगळं सांगितलं. माय ताटावरून उठून गेली. आबांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "लाज वाटत होती का रे तुले?"

"हो आबा."

"कोनाची?"

मला सांगता आलं नाही. आता सांगता येतं. मला माझ्या भुकेची लाज वाटत होती. ती लाज कॅप्टनसारख्यांनी शिकवली आणि मी मन लावून शिकलो.

मावशीला मी स्पष्ट सांगितलं, यापुढं लग्नाबिग्नात माझं नाव घेऊ नका, माझं भागत नाही. ती चार दिवस बोलली नाही. वस्तीत विहारासमोर माझा सत्कार ठरलाय. मी जाणार आहे. पायलट व्हायचं म्हणणारी पोरं पुढच्या सतरंजीवर बसतील. त्यांना पगार सांगणार, हप्ता सांगणार, खिचडी सांगणार. आणि मी काय केलं तेही सांगणार, म्हणजे पहिल्या दिवशी खाली मान घालून कॅप्टनची बॅग उचलली ते.

कॅप्टनविरुद्ध कंपनीत लेखी तक्रार दिली आहे. लॉबीत तो जे बोलला ते शब्दाला शब्द लिहिलं. मोबाइल बघणाऱ्या मुलीनं साक्षीत नाव घालू दिलं. हसणारीनं नाही. ऑफिसातल्या एकानं मला बाजूला घेतलं. भला माणूस आहे. म्हणाला, तीन महिने कळ काढ, सही होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल. तक्रार मागे घेण्याचा कागदही त्यानं टाइप करून आणला होता, फक्त माझी सही बाकी.

मी तो कागद त्याच्या टेबलावर ठेवून आलो. बिनसहीचा.