लेकीच्या पायाचं माप

बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याला गल्लीत सगळे ‘अमरपट्टा’ म्हणत. वय अठ्ठ्याण्णव. दात स्वतःचे, चष्मा फक्त सुईत दोरा ओवण्यापुरता. छातीला नळी लावून डॉक्टर म्हणायचे, “आजोबा, तुम्ही आम्हाला पोचवून मगच जाणार.” लोक हसायचे. पूर्वी म्हाताराही हसायचा.

जास्त जगण्याचे फायदे त्यानं पुरेपूर भोगले, हे कबूल करायला हवं. साठीत त्याला वाटलं होतं, आपल्याला बूट शिवता येतो. खरा बूट जमला तो ऐंशीत. पणतवंडाच्या पहिल्या बुटाला टाके त्यानंच घातले. मग थोरला मुलगा गेला. दोन वर्षांनी धाकटा. “म्हातारा पोरांचं आयुष्य खाऊन बसलाय,” असं शेजारीण त्याच्यादेखत बोलली. एवढ्या वयाचा माणूस बहिराच असणार, असा तिचा हिशेब. कान शाबूत होते, हीच तर पंचाईत.

उरली लेक. त्र्याहत्तर वर्षांची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पलीकडच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहणारी. रोज सकाळी ती दुकानात डबा आणून द्यायची. म्हाताऱ्याचं देवाकडे एकच मागणं होतं, हिच्या आधी मला ने. मागताना त्यानं लाजही सोडली होती.

थंडीच्या तोंडावर तिनं नवे बूट मागितले. त्यानं तिथल्या तिथे माप घेतलं, आठ दिवसांत जोड दिला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जुन्या सपाता घालून आली.

“चावतात का गं?”

“छे हो बाबा. जपून वापरते.”

ही थाप कोणालाही पचली असती, त्याला नाही. त्याच्या हातचा बूट चावत नसे. दिवसभर शिवता शिवता तो विचार करत राहिला आणि एकदम चरकला. माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभरात पाय फुगतो, हे त्यानंच तिला लहानपणी शिकवलं होतं. आणि पूर्वी संध्याकाळीही डोकावणारी ती वर्षभर फक्त सकाळी येत होती.

दिवेलागणीला तो टेप घेऊन तिच्या घरी गेला. तिनं घाईनं पाय चादरीखाली ओढले. त्यानं चादर बाजूला केली. घोटे दिसतच नव्हते. बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

“किडन्या गेल्यात, बाबा. डॉक्टर म्हणाले, फार तर सहा महिने.”

“मला नाही सांगितलंस?”

“तुम्ही जेवण सोडलं असतं.”

“सोडणारच! दोघांना पोचवलं. तिसऱ्यांदा नाही जमायचं मला. तुझ्या आधी जाणार मी.”

तिनं त्याचा हात घट्ट धरला. “असं करू नका. मला फार भीती वाटते, बाबा. मला बाळ म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय. त्या वेळी तुम्ही जवळ हवे. माझं होईपर्यंत थांबा.”

नाही म्हणावं असं त्याला जिवाच्या आकांतानं वाटलं. मग टेप उलगडून त्यानं दोन्ही पायांचं माप घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं.

“थांबतो, बाळ,” तो म्हणाला. “जेवायला काय केलंयस?”

तिनं वाढलं. ती समोर बसून बघत होती, म्हणून त्यानं ताटातलं सगळं संपवलं.