तीन निळी थोबाडं

स्क्रूकाकांच्या हातून गेलेला चष्मा पुन्हा कुरकुरत नाही, अशी त्यांची ख्याती. ते ज्या दुकानात होते त्याला दोन दारं होती. रस्त्याकडच्या काचेच्या दारातून नव्या फ्रेमा घेणारी मंडळी येत. मागच्या गल्लीतल्या अरुंद दारातून येत ती तुटक्या दांड्यांची, निखळलेल्या काचांची आणि नातवाने वर बसून चपट्या केलेल्या फ्रेमांची मंडळी. ही सगळी काकांची. चोवीस वर्षं काका त्याच उंच स्टुलावर बसत आले. डोळ्याला भिंग आणि पुढ्यात तिळाएवढ्या स्क्रूंनी भरलेली झाकणं. एखादा स्क्रू निसटला, की सापडेपर्यंत गिऱ्हाइकानेही पाऊल उचलायचं नाही, असा दंडक होता.

थोरले मालक थकले तशी धाकट्यांनी गादी सांभाळली. पोरगा गुणी, पण टॅब हातावेगळा करील तर शपथ. किती गिऱ्हाइकं आली, किती मिनिटं थांबली, खूश होऊन गेली की कपाळाला आठ्या घालून, हे सगळं त्यात दिसायला हवं, असा त्यांचा ध्यास. एका सोमवारी त्यांनी दोन्ही दारांशी एकेक यंत्र ठोकलं. त्यावर तीन गोल बटणं, एक हसरं तोंड, एक कोरं, एक रडकं. जाता जाता गिऱ्हाइकाने मनाला येईल ते दाबायचं. दुकानाचा रंग निळा, म्हणून मालकांनी मुद्दाम सांगून बटणंही निळीच करून घेतली होती. शोभायला हवं ना!

"काका, एका शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच हे," मालक म्हणाले.

"भात शिजवणाऱ्याला विचारायचं नाही का?" काका भिंगातून मान न उचलता म्हणाले.

"शिजवणारा सांगणार, मस्त झालाय!"

काकांनी यंत्राचं नाव 'थोबाडं' ठेवलं आणि ते कामाला लागले.

आठवडा संपला. पुढच्या दाराला शंभरात ऐंशी हसरी. मागच्या दाराला शंभरात अकरा. बाकी सगळी रडारड.

"थोबाडं बिघडलीत," काका म्हणाले.

"दोनदा तपासून घेतली, काका. महिनाअखेरपर्यंत निम्मी तरी हसरी दिसू द्या. नाहीतर हे टेबल काढून तिथे आरशांची भिंत करीन म्हणतो. तुम्हाला गोदामात बसवू. खोक्यांवर लेबलं लावायचं काम आहे, दगदग नाही."

लेबलं! ज्या हातांनी मोहरीएवढा स्क्रू अंधारात बसवावा, त्या हातांनी खोक्यांना पट्ट्या चिकटवायच्या! काकांना घास गोड लागेना. पण माणूस जिद्दीचा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांना पाणी विचारलं, बसायला गादी आणली, ज्यांना चष्म्याविना धड दिसेना त्यांचा हात धरून दारापर्यंत सोडलं. एक आजीबाई तर जाता जाता म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो हो!" आणि टिंग! त्यांनी बटण दाबलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी आकडा आला, शंभरात सात.

"म्हणजे पाणी पाजलं तर आणखी रडले?" काका थिजलेच. त्या दिवसापासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला. कुणी गोड बोललं, की ते भिंगातून त्याच्याकडे रोखून बघत आणि मनात म्हणत, बोल बाबा, बोल, दाराशी गेलास की तुझ्या पोटातलं कळेलच.

घरी जेवताना त्यांनी ते काकूंपुढे ओकलंच. "जग दुटप्पी आहे. तोंडावर आशीर्वाद, पाठीमागे रडकं!"

काकू देवभोळ्या. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाहीत, आणि खोटं बोलणं तर त्यांना स्वप्नातही जमायचं नाही. शेजारणीची भाजी खारट झाली तर 'खारट झालीय' म्हणून सांगून वर वाटीभर आणखी मागणाऱ्या. त्या म्हणाल्या, "उद्या मीच येते. एक हसरं तर हक्काचं पडेल. खोटं नाही, मनापासूनचं. नाहीतरी माझी दांडी सहा महिने दोऱ्याने बांधलेली आहे."

हे मात्र खरं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काकूंच्या नाकावरच होता.

दुसऱ्या दिवशी काकू मागच्या दाराने आल्या, ओळीत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर चष्मा काढून दिला. काकांनी तो पाकिटात घालून वर चिठ्ठी लावली. "चार दिवसांनी."

"बायकोलासुद्धा चार दिवस?"

"तुझ्या पुढे बारा पाकिटं आहेत."

काकू चाचपडत दाराशी गेल्या. हात जोडून क्षणभर देवाचं नाव घेतलं आणि टिंग! टॅब घेऊन उभे असलेले मालक ओरडले, "अहो काकू! तुम्हीसुद्धा?"

"काय झालं?"

"रडकं!"

ओळीतली माणसं माना उंचावून बघू लागली. काका स्टुलावरून उतरले. "तीस वर्षांचा संसार, आणि रडकं? चार दिवस सांगितले म्हणून?"

"अहो, मी हसरंच दाबलं! देवाशपथ!"

दुसऱ्या कुणी शपथ घेतली असती तर काकांनी कानाआड केली असती. पण काकू आणि खोटी शपथ? सूर्य उलटा उगवेल. काका थबकले. "थांब. तुला तिथे काय दिसलं?"

"तीन निळे ठिपके. दारातून जाताना पहिला हाताला लागला तो दाबला. म्हटलं, पहिला हसराच असणार, आपलं दुकान आहे."

काकांनी वळून ओळीकडे पाहिलं. सगळी मंडळी हातात मोडके चष्मे घेऊन, डोळे बारीक करून उभी. मग पाकिटांच्या खणाकडे पाहिलं. चोवीस वर्षं लोक त्यांच्या हाती डोळे सोपवून आंधळ्यासारखे बाहेर पडत होते.

"मालक, जरा चष्मा काढा."

मालकांचा नंबर जाडजूड. त्यांनी चष्मा काढला, दोन पावलं टाकली, हवेत बोट फिरवलं. टिंग!

ओळीतल्या एकाने टॅबजवळ नाक नेलं. "रडकं! मालक, तुम्हीही नाराज?"

हशा पिकला. मालकांनी चष्मा चढवला आणि ते थोबाडांकडे बघतच राहिले. आतून बाहेर जाणाऱ्याच्या हाताला आधी लागत होतं ते रडकंच. "पण चष्मा न्यायला येतात तेव्हा तरी त्यांना दिसतं की. तेव्हा का दाबत नाहीत?"

"तेव्हा ते झाडं बघतात, गल्लीतल्या पाट्या वाचतात," काका म्हणाले. "थोबाडांकडे बघायला वेळ कुणाला?"

मालकांनी टॅब काखेत मारला. आरशांच्या भिंतीची मापं घ्यायला सुताराला बोलावलं होतं, त्याला फोन करून नको म्हणाले. यंत्र मात्र फुकट घालवायला जीव होईना. चष्मा परत दिल्यावरच गिऱ्हाइकापुढे धरायचं, म्हणून ते काकांच्या टेबलावर आलं.

"माझं ते रडकं आधी खोडा," काकू म्हणाल्या.

"खोडता येत नाही, काकू. यंत्र आहे."

"मग माझ्या नावावर खोटं राहणार?" काकूंचा जीव कासावीस. शेवटी ओळीतल्या बाईंचा चष्मा मागून, डोळ्याला धरून, सगळ्यांसमोर त्यांनी हसरं शोधून दाबलं. एकदाच. काका म्हणाले, "चारपाच वेळा दाब की." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका निमूट स्टुलावर चढले.

पण पाचव्या दिवशीही चष्मा मिळाला नाही. मधे दोन तातडीची कामं आली होती. काकू टेबलासमोर उभ्या राहिल्या, हात यंत्रावर.

"आता मात्र," त्या म्हणाल्या, "चाचपडत नाही, मोजून रडकंच दाबेन."

काकांनी पुढच्या उरलेल्या पाकिटांवरून हात फिरवला, काकूंचं काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं.