तिसऱ्या घावावर जोर

सारसोळ्याच्या मासळीबाजारात ती रोज बसते. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे मावशीच म्हणतात.

महाप्याच्या ऑफिसनं मला इटालियन शिकायला लावलं होतं आणि तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. मावशी सुरमई कापत होती, तोवर मी पुटपुटत होते, "पो-मो-दो-रो." म्हणजे टोमॅटो. चारही तुकड्यांवर मी सारखाच जोर द्यायचे आणि शिकवणाऱ्या बाई वैतागायच्या.

मावशीचा कोयता थांबला. "काय गो बाय, मंत्र हाय का?"

मी सांगितलं, शब्द आहे, चार तुकड्यांचा. जोर फक्त तिसऱ्यावर हवा, तोच जमत नाही.

"मंग सगल्यांना कशाला मारतेस? काटा लागतो तिथंच जोर द्यायचा. बाकी हात हलका."

तिनं कोयत्याची पाठ ओंडक्यावर वाजवून दाखवली. दोन टिचक्या, एक दणका, पुन्हा टिचकी. त्या ठेक्यात मी म्हटलं आणि पहिल्यांदाच बरोबर आलं.

परीक्षेत 'दो'ला माझा हात टेबलावर आपटला. बाई दचकल्या, मग हसल्या. मी पास झाले.

आता मला पाहिलं की मावशी आधी विचारते, "आज किती तुकड्यांचा आनलास?"

अर्थ तिनं अजून एकदाही विचारलेला नाही.